घरी येणाऱ्या सेवेची तपासणी : वही वाचावी की माणूस?



तपासणी हा शब्द ऐकला की आपल्या पोटात गोळा येतो. केंद्रप्रमुख येणार, विस्तार अधिकारी येणार अशी कुणकुण लागली की आदल्या दिवशी तक्ते पुसले जातात, कोपऱ्यातली जाळी निघतात, टाचणवही पूर्ण होते आणि वाचता येणारी मुले आपोआप पहिल्या रांगेत येऊन बसतात. मी स्वतः हे केलेले आहे, नाकारत नाही. साहेब येतात, शेरेबुकात शेरा लिहितात, चहा होतो, गाडी निघून जाते. शेवटच्या रांगेतला मुलगा वाचू शकतो की नाही, हे त्या शेऱ्यातून कधी कळते का?

आजचा लेख मात्र शाळेच्या तपासणीचा नाही. घरातल्या आजारी किंवा म्हाताऱ्या माणसासाठी आपण जी सेवा पैसे देऊन घरी आणतो, तिची तपासणी कोणी आणि कशी करायची, याचा आहे. शैक्षणिक ब्लॉगवर हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण आपल्या पालकसभेला येणाऱ्या किती आया मागे घरी अंथरुणाला खिळलेले माणूस ठेवून येतात, हे एकदा विचारून बघा. आमच्या घोलवड-बोर्डीकडे तर हे घरोघर दिसायला लागले आहे. चिकूच्या वाडीतले जुने मोठे घर, आत दोन म्हातारी माणसे, आणि मुले मुंबईला, वापीला नाहीतर सुरतेला. मग कोणाच्या तरी ओळखीने एक 'ब्युरो' सापडतो. ब्युरो म्हणजे मोठे काही नसते. एक खोली, एक फोन, आणि आठ-दहा मुली नाहीतर मावश्या. बारा तासांची माणूस हवी की चोवीस तासांची, एवढेच विचारतात.

आमच्या घरीही अशीच सेवा आली.

सासूबाईंना, मी त्यांना आईच म्हणते, गेल्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू गेली. बोलणे शाबूत राहिले, हे नशीब. बारा दिवसांनी दवाखान्यातून घरी आणले. मिस्टरांची वापीला शिफ्ट, माझी शाळा साडेदहा ते पाच. दिवसभर त्यांच्याजवळ कोण बसणार? शेवटी एका लहान ब्युरोकडून दिवसाची मुलगी ठरवली. सकाळी आठ ते रात्री आठ.

ती मुलगी येताना ब्युरोची वही घेऊन आली. वहीत रकाने आखलेले: वेळ, बीपी, औषध, जेवण, लघवी, कूस बदलली. दर दोन तासांनी नोंद, अक्षर सुवाच्य. मी पडले शिक्षिका, सुवाच्य अक्षर दिसले की निम्मे गुण मी तिथेच देऊन टाकते. रोज संध्याकाळी घरी आले की मी वही चाळायची आणि खाली सही करायची. त्या सहीनंतर मला फार बरे वाटायचे, हे कबूल करते. आपण लक्ष ठेवून आहोत असे वाटायचे.

तिसऱ्या आठवड्यात शनिवार आला. शनिवारी आमची सकाळची शाळा. पावणेबाराला मी घरी आले. आई झोपल्या होत्या, ती मुलगी मागच्या पडवीत कपडे वाळत घालत होती आणि वही टेबलावर उघडी होती. दहाची नोंद होती, बाराची होती, दोनची होती. चारची पण होती. घड्याळात पावणेबारा वाजले होते आणि आमच्याकडे चारची कूस बदलून झाली होती.

मी आईंना कुशीवर वळवले. माकडहाडाच्या जागी पाच रुपयांच्या नाण्याएवढा लाल डाग होता आणि त्याच्या मध्यभागी साल सोललेली होती. बेडसोर. मी रोज सही करत होते त्याच वहीत "त्वचा – ठीक" असे एकवीस वेळा लिहिलेले होते.

अर्थात मी त्या मुलीवर ओरडले. ती ऐकून घेत उभी राहिली. मग एवढेच म्हणाली, "मॅडम, आजी एकटीने वळवता येत नाहीत मला. माझी कंबर भरते. उठवायला गेले तर त्या ओरडतात."

"मग सांगायचं नाही का? ब्युरोत शिकवलं नाही तुला?"

"वही कशी भरायची ते शिकवलं."

ती तलासरीकडच्या एका पाड्यावरची, बारावी झालेली. आम्ही ब्युरोला जे पैसे देत होतो त्यातले निम्म्याहून थोडेच जास्त तिच्या हातात पडत होते. आठवड्यातून तीन रात्री ती दुसऱ्या एका घरी रात्रपाळी करून आमच्याकडे येत होती, हे मला त्या दिवशी कळले. तीन आठवडे ती माझ्या घरात होती आणि मी तिला "जेवलीस का?" यापलीकडे काही विचारले नव्हते.

ब्युरोला फोन केला. पलीकडून अगदी शांतपणे उत्तर आले, "ताई, वही व्यवस्थित आहे ना? रोज तुमचीच सही आहे त्यावर."

यावर मी काय बोलणार?

अशा सेवेवर देखरेख कोणाची?

रागाच्या भरात मी पहिल्यांदा हे शोधले की तक्रार करायची तर कुठे. नर्सिंग होमच्या नोंदणीचा कायदा आपल्याकडे १९४९ पासून आहे. पण तो रुग्ण जिथे ठेवतात त्या जागेचा कायदा. खाटा किती, जागा केवढी, पात्र परिचारिका आहेत का, हे त्यात बघतात. आमच्या घरातली खाट त्यात बसत नाही. शिकलेल्या परिचारिकेची, म्हणजे एएनएम किंवा जीएनएमची, नोंद महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते आणि तिचा नोंदणी क्रमांक आपण मागू शकतो, मागावाच. पण घरी येणाऱ्या बहुतेक मुली नर्स नसतात, त्या 'अटेंडंट' किंवा 'केअरटेकर' असतात. ब्युरोवाले भिंतीवरचा गुमास्ता परवाना दाखवतात. तो तर साडीच्या दुकानालाही असतो. पोलीस पडताळणी असेल तर माणूस चोर नाही एवढे कळते. म्हाताऱ्या माणसाला कसे वळवावे हे त्याला येते की नाही, ते कळत नाही.

ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे. त्यात दुरुस्ती करण्यासाठी डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत एक विधेयक आले होते. त्यात वृद्धांना घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि सेवेचा किमान दर्जा ठरवण्याची तरतूद होती. वाचताना मला वाटले, हेच तर हवे. पण ते संमत झाले नाही. २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक तिथेच राहिले. म्हणजे आजच्या घडीला आपल्या घरातल्या खाटेपर्यंत कोणी तपासनीस चालत येणार नाही. ते काम आपल्यावरच आहे, आणि ते कसे करायचे हे आपल्याला कोणी शिकवलेले नाही.

इंग्लंडमध्ये हे कसे करतात ते मी मुद्दाम वाचून काढले. तिथे केअर क्वालिटी कमिशन नावाचा सरकारी आयोग २००९ पासून काम करतो. घरी जाऊन सेवा देणाऱ्या अगदी लहान संस्थेलाही त्याच्याकडे नोंदणी करावी लागते. त्यांचे मुख्य प्रश्न पाचच. सेवा सुरक्षित आहे का? तिचा उपयोग होतो का? माणसे मायेने वागतात का? त्या त्या माणसाच्या गरजेप्रमाणे सेवा बदलते का? आणि ती चालवणारा ती नीट चालवतो का? मग चारपैकी एक दर्जा मिळतो, अहवाल सर्वांना वाचायला खुला होतो आणि दर्जा संस्थेला लोकांना दिसेल असा लावावा लागतो.

त्यांच्या अहवालांतली एक बारीक गोष्ट मला आवडली. लहान संस्थेकडे जाताना तपासनीस बरेचदा ४८ तास आधी कळवून जात. कारण काय, तर लहान संस्थेत व्यवस्थापक बाईच कोणाच्या तरी घरी सेवेला गेलेल्या असतात, न सांगता गेले तर कार्यालयाला कुलूप! आणि कार्यालयातली कागदपत्रे बघून झाली की ते सेवा घेणाऱ्या माणसांना आणि त्यांच्या नातेवाइकांना फोन करतात. तुमच्याकडे रोज तेच माणूस येते की रोज नवे? वेळेवर येते का? घाई करते का? तुम्हाला विचारून काम करते की आपले आपण उरकते? नोकरीवर घेताना चौकशी केली होती का, शिकवले काय, औषधांच्या नोंदीत गाळलेल्या जागा आहेत का, हेही बघतात.

तिकडे सगळे छान आणि आपल्याकडे सगळे वाईट, असे मला म्हणायचे नाही हं. २०२४ मध्ये त्या आयोगाच्याच कामाची स्वतंत्र पाहणी झाली आणि तीत मोठे दोष निघाले. तपासण्या कमी झाल्या होत्या, काही ठिकाणचे दर्जे कित्येक वर्षांपूर्वीचे होते. तपासणाऱ्यालाही कोणीतरी तपासावे लागतेच.

आपल्या मातीतले उदाहरण

पण खरे सांगू का, मला उत्तर इंग्लंडात सापडले नाही. ते आमच्याच शेजारी सापडले.

शेजारच्या घरी त्याच महिन्यात बाळंतीण आली होती. तिच्याकडे आशाताई यायच्या. नवजात बाळाची गृहभेट. ही योजना देशभर २०११ पासून आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन बघते. घरीच जन्म झाला असेल तर पहिल्या दिवसाची भेट वाढते, म्हणजे सात. बाळाचे वजन करते, ताप बघते, घड्याळ लावून श्वास मोजते. मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त झाले तर दवाखाना. सगळ्या भेटी झाल्या आणि अटी पूर्ण झाल्या की तिला २५० रुपये मिळतात. रकमेबद्दल मी काही बोलत नाही, तुम्हीच ठरवा.

एका दुपारी तिथे आशाताईंबरोबर त्यांच्या गटप्रवर्तक आल्या होत्या. साधारण वीस आशांमागे एक गटप्रवर्तक असते. मी कठड्यावरून बघत होते. त्यांनी आशाताईंचा फॉर्म हातात घेतला, पण वाचला नाही. आधी म्हणाल्या, "बाळ घे, परत वजन कर, मला बघू दे." झोळीच्या काट्यावर बाळ चढले. काटा शून्यावर आणलेला नव्हता. त्यांनी आशाताईंना रागावले नाही, काटा शून्यावर आणायला लावला आणि पुन्हा वजन करायला सांगितले. मग बाळाच्या आईला विचारले, "या मागच्या खेपेला आल्या तेव्हा काय काय केलं होतं, सांग." आणि सगळ्यात शेवटी फॉर्म वाचला.

ही पद्धत आली कुठून? आपल्या गडचिरोलीहून. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नव्वदच्या दशकात ३९ गावांत गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. तुलनेसाठी दुसरी ४७ गावे होती. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी खाली आले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास छापून आला आणि पुढे देशाच्या योजनेचा पाया झाला.

हा आकडा बऱ्याच जणांना माहीत असतो. मला त्यातला देखरेखीचा भाग जास्त मोलाचा वाटतो. या बायांना एकदा प्रशिक्षण देऊन सोडून दिले नव्हते. ठरावीक दिवसांनी वरचे माणूस गावात यायचे, नोंदी पडताळायचे, चुकले तिथे परत शिकवायचे. आणि बाळ जगले की गेले ही नोंद फक्त त्या बाईच्या शब्दावर ठेवलेली नव्हती, ती वेगळ्या माणसांकडूनही तपासली जायची. कागदावर विसंबले तर काय होते, हे त्यांना चांगले माहीत होते. 'सर्च' आणि इतर संस्थांनी मिळून २००१ साली 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. राज्यात प्रत्यक्षात होणारे बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त आहेत, हे त्यात दाखवले होते. वहीत "ठीक" आणि पाळणा रिकामा, असा तो प्रकार.

थोडे विषयांतर होईल, पण आपल्याच डोंगरावरची गोष्ट आहे म्हणून सांगते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले बालवाडीत येईनात तेव्हा त्या पाड्यावर, मुलांच्या अंगणात गेल्या. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर गेल्या. हजेरीपत्रकात नुसते 'गैरहजर' लिहून मोकळे होता आले असते. अंगणात गेल्यावर कळते की मुलगी धाकट्या भावाला सांभाळत बसली आहे. डी.एड.ला असताना हे सगळे आम्ही पाच गुणांच्या टिपेसाठी पाठ केले होते. अर्थ कळायला एवढी वर्षे गेली.

मग मी काय केले

गटप्रवर्तकांचाच क्रम उचलला. आधी अंग, मग माणसाचे बोलणे, वही शेवटी.

अंग म्हणजे खरोखर अंग. आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टरांनी मला दाखवले. माकडहाड, टाचा, कमरेची हाडे, खांद्याचे पाते, कोपर, कानाची पाळी, डोक्याची मागची बाजू, म्हणजे जिथे जिथे हाड गादीला टेकते ती जागा रोज बघायची. लाल दिसले तर बोटाने दाबून सोडायचे. दाबल्यावर पांढरट होऊन पुन्हा लाल झाले तर अजून वेळ आहे. दाबूनही लाली जात नसेल तर जखम सुरू झाली असे समजायचे आणि सिस्टर-डॉक्टरांना दाखवायचे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हाताच्या पाठीने बघायचे, आजूबाजूपेक्षा गरम लागते का, कडक किंवा भुसभुशीत लागते का. लाल जागेवर चोळून मालिश करायची नाही. आमच्याकडे तेल चोळणे चालू होते, मीच सांगितले होते!

बोलण्याचे तंत्र आपल्याला शाळेतून माहीत असायला हवे, पण मी घरी ते विसरले होते. वर्गात "समजलं का?" विचारले की चाळीस मुले एका सुरात "हो बाई" म्हणतात. आईंना मी रोज विचारायचे, "बरं आहे ना आई? नीट करते ना ती?" त्या म्हणायच्या, "हो, बरं आहे." ती मुलगी तिथेच उभी असायची. आणि ती सोडून गेली तर सुनेला शाळा सोडावी लागेल, ही भीती त्यांच्या मनात. त्या वेगळे काय सांगणार होत्या? आता मी ती नसताना, आणि गोल गोल न विचारता विचारते. काल दुपारी काय जेवलात? बसून की पडून? गिळताना ठसका लागला का? शेवटची अंघोळ कोणत्या वारी झाली? लघवीला हाक मारल्यावर किती वेळाने आली? अशा प्रश्नाला "बरं आहे" हे उत्तर बसतच नाही.

जेवण पडून की बसून, हा प्रश्न उगाच नाही. पक्षाघाताच्या माणसाला पडल्या पडल्या भरवले तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. टेकून सरळ बसवून भरवायचे आणि नंतर अर्धा तास तरी बसते ठेवायचे. हे मला माहीत नव्हते, त्या मुलीलाही नव्हते.

औषधांचे तर सोपे गणित आहे, चौथीच्या मुलाला येईल असे. दहा गोळ्यांची पट्टी सोमवारी सकाळी उघडली, रोज दोन गोळ्या, तर गुरुवारी रात्री पट्टीत किती उरायला हव्यात? दोन. चार उरल्या असतील तर वहीत काहीही लिहिलेले असो, एक दिवसाचे औषध पोटात गेलेले नाही. मी आता पट्टीवरच पेनाने उघडल्याची तारीख टाकते.

एक गोष्ट मात्र मला नाही, माझ्या तिसरीतल्या मुलीला दिसली. "आई, आजीचा पाण्याचा ग्लास या बाजूला का ठेवतात? हा हात तर चालत नाही तिचा." टेबल डावीकडे होते. ग्लास झाकलेला, भरलेला, स्वच्छ आणि हाताला न येणारा. तीन आठवडे. आम्ही टेबल उजवीकडे घेतले.

मिस्टरांचे म्हणणे होते, कॅमेरा लावू या. मी नको म्हटले. आईंची अंघोळ, कपडे, बेडपॅन सगळे त्याच खोलीत. मुलाच्या मोबाईलवर ते दिसत राहावे, हे त्यांना कधी चालले असते? आम्ही त्यांना विचारले तर त्या नुसत्या तोंड फिरवून पडल्या. तो विषय संपला. काही घरांत कॅमेरा लागत असेल, मी सगळ्यांसाठी बोलत नाही.

राहिली ती मुलगी. सगळ्यांनी सांगितले, बदलून टाका. पण बदलून आलेली तरी कोणाकडून शिकून येणार होती? ब्युरोशी बोलून, खरे म्हणजे भांडून, दोन गोष्टी लेखी घेतल्या. आमच्याकडे दिवस असेल तेव्हा आदल्या रात्री तिला दुसरीकडे पाठवायचे नाही, आणि ती सुट्टीवर असली तर बदली माणूस कोण येणार हे आदल्या दिवशी कळवायचे. तिला मिळणारे पैसे वाढावेत असेही सांगून पाहिले. त्याचे काही झाले नाही, शेवटी आम्ही थोडे वेगळे द्यायला लागलो. हे बरोबर की चूक, मला अजून ठरवता आलेले नाही.

आणि सिस्टरांनी तिला आणि मला दोघींना एका दुपारी वळवायचे कसे ते शिकवले. जुनी सुती चादर दुहेरी करून खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली घालायची. गुडघा दुमडायचा. माणूस ओढायचे नाही, चादर ओढायची. आणि मुख्य म्हणजे आधी सांगायचे, "आजी, आता उजवीकडे वळायचंय, एक दोन तीन." त्या ओरडत होत्या त्या दुखण्याने कमी आणि अचानक ओढल्याच्या भीतीने जास्त. एक दोन तीन म्हटल्यावर त्या स्वतः चांगला हात कठड्याला लावायला लागल्या. जखम भरायला सात आठवडे लागले.

वर्गात काय करता येईल

हा अनुभव आल्यावर मी चौथीच्या वर्गात एक छोटा उपक्रम घेतला. घरात किंवा शेजारी वयस्कर, आजारी माणूस असेल तर आठवडाभर त्याच्याकडे बघायचे आणि लिहायचे. पाणी हाताशी आहे का, काठी आणि चष्मा पोचेल असा आहे का, रात्री संडासच्या वाटेवर दिवा असतो का, त्यांना हाक कोणत्या नावाने मारतात, आणि दिवसात त्यांच्याशी कामाशिवाय कोण बोलले. कपडे, अंग, औषध यात मुलांनी जायचे नाही हे आधी स्पष्ट सांगावे. आणि पालकांना चिठ्ठी पाठवावी, नाहीतर "बाई आमच्या घराची चौकशी करतात" असे होते. मला एक फोन आलाच.

मुलांनी काय काय लिहून आणले! एकाच्या आजोबांचा चष्मा महिनाभर फुटलेला होता, कोणाच्या लक्षातच नव्हते. एकीने लिहिले, आजीला सगळे "ए म्हातारे" म्हणतात, तिचे नाव मी आज विचारले. पाड्यावरच्या एका मुलाच्या घरी ब्युरो वगैरे काही नाही. त्याने लिहिले, "आजाला माझी आई बघते. आईला ताप आला तेव्हा मी बघितला." मी त्याच्या वहीवर शेरा लिहायला पेन उचलले आणि काय लिहावे ते सुचेना, म्हणून फक्त तारीख घातली.

आमच्या घरची वही अजून चालू आहे. ती मुलगीच येते. आता नोंदी पूर्वीसारख्या सरळ नसतात. दहा, बारा, दोन, चार असे कुठे दिसत नाही. अक्षरही घाईचे असते, एका पानावर हळदीचा डाग आहे. परवाची नोंद अशी होती : ९.४० डावी कूस. ११.५५ उजवी. १.३० जेवण बसून, अर्धी भाकरी, आमटी नको म्हणाल्या. २.१० पाठीवर. ४.२० झोप लागली होती, उठवलं नाही, ५ ला वळवलं.

मी खाली सही केली.